चंद्रावर न गेलेल्या माणसांचे प्रदर्शन : एक परीक्षण

कोल्हापुरात दसरा चौकाच्या परिसरातील एका लहान सभागृहात गेले दोन आठवडे शनिवारी आणि रविवारी भरलेले, माणसाला चंद्रावर नेणाऱ्या मोहिमांमागे राबलेल्या कामगारांचे आणि तंत्रज्ञांचे प्रदर्शन मी दोनदा पाहिले. तिकीट माणशी १०० रुपये आहे, एका वेळी पंचवीसच प्रेक्षक आत घेतात आणि मार्गदर्शकासह पूर्ण फेरीला सुमारे दोन तास लागतात. काही शिक्षक आणि अभियंते मिळून स्वतःच्या खर्चाने हा उपक्रम चालवतात. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, बावीस वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करतो आहे, त्यामुळे वस्तू कोणी केली यापाठोपाठ ती तपासली कशी, हा प्रश्न माझ्या मनात आपोआप येतो. या प्रदर्शनाने त्या प्रश्नाला जेवढी जागा दिली आहे, तेवढी मी याआधी कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात पाहिली नव्हती.

प्रवेशद्वारापाशी अंतराळवीरांची छायाचित्रे नाहीत. अमेरिकेच्या अपोलो या चांद्रमोहिमांच्या कार्यक्रमावर सुमारे ४ लाख माणसांनी आणि २० हजारांहून अधिक कंपन्यांनी व विद्यापीठांनी काम केले, एवढे एका फलकावर लिहिले आहे. मार्गदर्शक बाई तिथे रेंगाळल्या नाहीत. त्यांनी आम्हाला थेट एका शिलाई यंत्रापुढे नेऊन उभे केले. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात डोव्हर येथे, स्त्रियांची अंतर्वस्त्रे शिवणाऱ्या कंपनीच्याच एका विभागाने चंद्रावर चालण्याचा पोशाख तयार केला, आणि त्याचे २१ थर तेथील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी साध्या शिलाई यंत्रांवर शिवले. शिवण मिलिमीटरभर सरकली तरी तो भाग बाद होत असे. थरांमध्ये एखादी टाचणी राहून गेली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून टाचण्यांचा हिशेब ठेवला जाई आणि पोशाखाची क्ष-किरण तपासणीही होई. मार्गदर्शक बाईंनी प्रेक्षकांना एका जाड कापडाच्या पाच थरांवर सरळ रेषेत शिवण घालायला सांगितले. आमच्या गटातील चौघांनी प्रयत्न केला आणि चौघांचीही शिवण वाकडी गेली. हा अनुभव शंभर फलकांहून मोलाचा आहे असे मला वाटते.

पुढच्या दालनात संगणकाची स्मृती आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रदर्शनातील ही सर्वांत चांगली मांडणी आहे. अपोलो यानातील संगणकाचा प्रोग्राम मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला. मार्गारेट हॅमिल्टन या तेथील सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुख होत्या. तो प्रोग्राम यानात गेला तो मात्र अक्षरशः विणून. वॉल्थम येथील कारखान्यात स्त्रिया बारीक चुंबकीय कड्यांमधून तांब्याच्या तारा ओवत असत. तार कड्याच्या आतून गेली तर एक आणि बाहेरून गेली तर शून्य. प्रत्येक मोड्यूलमध्ये, म्हणजे स्मृतीच्या सुट्या खोक्यात, ५१२ कडी आणि अशी सहा मोड्यूल मिळून संगणकाची ३६,८६४ शब्दांची (म्हणजे एक-शून्यांच्या तेवढ्या गटांची) कायमची स्मृती तयार होत असे. छिद्रे पाडलेल्या फितीवर चालणारे यंत्र योग्य कडे समोर आणून देई, पण सुई आरपार नेणारे हात माणसांचेच होते. विणायलाच कित्येक आठवडे लागत असल्यामुळे प्रोग्राम उड्डाणाच्या खूप आधी पक्का करून द्यावा लागे. आयोजकांनी लाकडी चौकटीवर सोळा मोठी कडी बसवली आहेत आणि प्रत्येक प्रेक्षकाला दोऱ्याने स्वतःच्या आवडीचा एक आकडा त्यात ओवता येतो.

नियंत्रण कक्षाचे दालन त्या मानाने साधे आहे. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना संगणकाने १२०२ हा कामाचा बोजा वाढल्याचा इशारा दिला, तेव्हा २६ वर्षांचे नियंत्रक स्टीव्ह बेल्स आणि त्यांच्या मदतीला असलेले २४ वर्षांचे जॅक गार्मन यांनी काही सेकंदांत मोहीम पुढे चालू ठेवण्याचा कौल दिला. गार्मन यांनी अशा इशाऱ्यांची यादी आधीच हाताने लिहून काढली होती, हे येथे नेमकेपणाने सांगितले आहे आणि तेवढे पुरेसे आहे. छत्रीच्या कोपऱ्याबद्दल मात्र लिहिले पाहिजे. यानाच्या प्रत्येकी ८३.५ फूट व्यासाच्या तीन मुख्य हवाई छत्र्या हातांनी घडी घालून बांधल्या जात. ते काम करण्यास पात्र ठरलेली माणसे तिघेच होती, म्हणून त्या तिघांना एकाच गाडीतून प्रवास करण्याची मनाई होती. हे ऐकल्यावर आमच्या गटात काही क्षण कोणीच बोलले नाही.

मला सर्वांत अधिक काळ थांबवून ठेवले ते अपोलो १३ च्या दालनाने. एप्रिल १९७० मध्ये त्या यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली आणि जमिनीवरच्या अभियंत्यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल जागेत बसवण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांतून जुगाड शोधले, एवढे बहुतेकांना माहीत असते. येथे त्याआधीची हकिगत क्रमाने मांडली आहे. ती टाकी कारखान्यात काढताना सुमारे ५ सेंटीमीटर उंचीवरून आदळली होती. टाकीतील तापनियंत्रक स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते. पुढे प्रक्षेपण केंद्रावर ६५ व्होल्ट वापरायचे ठरले, पण स्विच बदलले गेले नाहीत. मार्च १९७० मध्ये एका चाचणीनंतर टाकी नेहमीच्या मार्गाने रिकामी होईना, म्हणून आतला हीटर कित्येक तास चालू ठेवून ऑक्सिजन उकळून काढला गेला. त्या वेळी स्विच चिकटून बसले, आणि तापमापक ८० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २७ अंश सेल्सिअस) पुढे दाखवतच नसल्यामुळे आतल्या तारांचे आवरण जळते आहे हे कोणाच्याही लक्षात आले नाही. कागदावर प्रत्येक टप्पा मंजूर होता. ज्याने एकदा तरी एखाद्या कास्टिंगचा (ओतलेल्या भागाचा) शेरा तपासणी अहवालावर लिहून सही केली आहे, त्याने या फलकापुढे उभे राहावे असे मला कळकळीने वाटते. आमच्या फाउंड्रीतील तपासणी विभागाच्या सर्व मुलांना मी पुढच्या शनिवारी येथे पाठवणार आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. फलकांवरील अक्षरे बारीक आहेत आणि प्रकाश अपुरा आहे, त्यामुळे ज्येष्ठांना वाचता येत नाही. सभागृह पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक आणि पार्क्स या केंद्रांवरील माणसांमुळे जगाने चंद्रावरचे पहिले पाऊल पाहिले, पण त्यांना एकच ओळ मिळाली आहे. उष्णतारोधक कवचाचा तर उल्लेखच नाही. त्या कवचातील मधमाशांच्या पोळ्यासारखी ३ लाख ७० हजारांहून अधिक घरे एकेक करून हाताने भरली गेली होती, आणि कोल्हापुरात, जिथे हातांच्या कौशल्यावर निम्मे उद्यमनगर उभे आहे, तिथे हे सांगायलाच हवे होते. भारताच्या गगनयान मोहिमेला दिलेला कोपरा म्हणजे केवळ एक रंगीत चित्र आहे. आयोजकांनी कवचाची माहिती द्यावी आणि गगनयानाचा कोपरा वाढवावा, भले त्यासाठी तिकीट थोडे महाग झाले तरी चालेल.

दुसऱ्या वेळी मी आमच्या कोअर शॉपमधील दोन बायकांना सोबत नेले. ओतकामाच्या साच्यात पोकळी राखण्यासाठी बसवतात ते वाळूचे कोअर घडवण्यात त्यांची हयात गेली आहे, आणि चुंबकीय कड्यालाही कोअरच म्हणतात हे ऐकून त्यांना मोठे नवल वाटले. त्यांपैकी थोरल्या मावशींनी लाकडी चौकटीवर दोरा ओवायला घेतला आणि मध्येच थांबून विचारले, “एवढं ओवून झाल्यावर चूक घावली तर उसवायचं कसं, बाई?” मार्गदर्शक बाईंनी सांगितले की राळ ओतून मोड्यूल बंद केल्यावर आतली तार दुरुस्त करता येत नसे, म्हणून सगळी तपासणी त्याआधीच उरकावी लागे. मावशींनी मान हलवली. “आमचंबी तसंच हाय. वरची पेटी मिटली की कोअर पुन्ना दिसत न्हाई.” मग त्यांनी तिसऱ्या कड्यापर्यंतचा दोरा काढून घेतला आणि तिथून पुन्हा ओवायला सुरुवात केली. दाराशी पुढच्या गटाची रांग लागली होती, तरी सोळावे कडे होईपर्यंत त्यांना कोणीही उठवले नाही.