निन्टेन्डो वी यू आज घ्यावा का? घरचे गेम दहापैकी नऊ, बाहेरचे दोन

वी यू हा निन्टेन्डोचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल. सेकंडहॅन्ड समोर आला की आधी अडॅप्टर उलटा करून बघा. आपल्याकडे फिरणाऱ्या यंत्रांपैकी बरीच कुणीतरी परदेशातून आणलेली असतात आणि अमेरिकन सेटचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असतो. पिन बदलून तो २३० व्होल्टच्या सॉकेटात खुपसला की संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, नाहीतर युरोपियन अडॅप्टर शोधा. आउटपुट १५ व्होल्ट, ५ अँपिअर हवं. गेमपॅडचा, म्हणजे पडदा असलेल्या कंट्रोलरचा, चार्जर वेगळा येतो, तोही तपासा. डिस्कना रीजन-लॉक आहे, तेव्हा अमेरिकन यंत्रासाठी युरोपची डिस्क घेऊ नका.

गेमपॅडशिवाय नुसता कन्सोल मिळत असेल तर सोडून द्या. सुरुवातीचं सेटिंग त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याचा ६.२ इंची पडदा स्पर्शावर नाही, दाबावर चालतो, त्यामुळे चारही कोपरे स्टायलसने दाबून पाहा. मूळ बॅटरी १५०० एमएएचची, नवी असताना ३ ते ५ तास चालायची; २५५० एमएएचची मोठी बॅटरीही निघाली होती. जोडणी सोपी आहे: कन्सोलचं सिंक बटण दाबलं की टीव्हीवर पत्त्यांची चार चिन्हं येतात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ज्या क्रमाने दिसतील त्याच क्रमाने गेमपॅडवर दाबायची. मध्ये काँक्रीटची भिंत आली तर चित्र अडखळतं.

पांढरा बेसिक सेट ८ जीबीचा, त्यातले जेमतेम ३ जीबी आपल्या हाती राहतात. काळा ३२ जीबीचाच घ्या. बाहेरून हार्ड डिस्क लावायची तर २ टीबीपर्यंतची चालते, पण यूएसबी पोर्टची वीज पुरत नाही म्हणून दोन पिनांची वाय-केबल लागते. यंत्र ती डिस्क स्वतःसाठी फॉरमॅट करून घेतं, तेव्हा आधी त्यातला डेटा काढून ठेवा. ई-शॉप या निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली, ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये. आता सगळा भरवसा डिस्कवर.

आणि डिस्कच्या फळीसमोर उभं राहिलं की या यंत्राचं खरं दुखणं कळतं. निन्टेन्डोचे स्वतःचे, म्हणजे घरचे गेम एकाहून एक सरस: मारिओ कार्ट ८, सुपर मारिओ ३डी वर्ल्ड, स्प्लॅटून, पिकमिन ३. बाहेरच्या स्टुडिओंचे म्हणाल तर सुरुवातीच्या काही महिन्यांतले, आणि पुढे बरीचशी फळी रिकामी. घरचे गेम एवढे चांगले असताना बाहेरच्यांवाचून अडतं कुठे, असं म्हणणाऱ्याने २०१३ सालाचं कॅलेंडर काढावं. कन्सोल नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, डिसेंबरअखेर ३०.६ लाख खपले. मग पिकमिन ३ यायला जुलै-ऑगस्ट उजाडला. मधल्या एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात मिळून विक्री १ लाख ६० हजार! त्या वर्षासाठी धरलेलं ९० लाखांचं उद्दिष्ट जानेवारी २०१४ मध्ये २८ लाखांवर आणावं लागलं. एका कंपनीचे स्टुडिओ वर्षात मोठे गेम काढून काढून किती काढणार? घरचा गेम माणसाला कन्सोल घ्यायला लावतो, हे खरं. पण दोन घरच्या गेमांमधले महिने बाहेरचेच भरतात. त्यांच्या प्रत्येक प्रतीमागे कन्सोलवाल्याला वाटा मिळतो तो वेगळाच.

बाहेरचे फिरकले नाहीत याचा दोष त्यांचाही आहे. मास इफेक्टचा तिसरा भाग वी यूवर पूर्ण किमतीत आला, त्याच महिन्यात एक्सबॉक्स ३६० या प्रतिस्पर्धी कन्सोलवर तिन्ही भागांचा संच तेवढ्याच किमतीला मिळत होता. कोण घेणार? रेमन लेजेंड्स फक्त वी यूसाठी फेब्रुवारी २०१३ मध्ये यायचा होता. तो ऐनवेळी सप्टेंबरपर्यंत मागे ढकलून इतर कन्सोलवरही काढला. नेमक्या दुष्काळाच्या महिन्यांत हातातला गेम गेला.

पण यंत्रही काही सोयीचं नव्हतं. प्रोसेसर १.२४ गिगाहर्ट्‌झचा, पॉवरपीसी या पीसीहून वेगळ्या घराण्यातला. २ जीबी मेमरीतली निम्मी सिस्टिमच्या वाट्याला. वर्षभरात सोनीचा पीएस४ आला तो ८ जीबी आणि पीसीसारखा प्रोसेसर घेऊन. गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर असलेलं अनरियल इंजिन ४ वी यूसाठी अधिकृतपणे आलंच नाही. म्हणजे गेम इकडे आणायचा तर कापाकापी करा, दुसऱ्या पडद्यासाठी वेगळं डिझाइन करा, आणि विकायचा कुणाला? वी यू एकूण खपले १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. त्याआधीचा वी १० कोटींच्या वर गेला होता.

तोच मारिओ कार्ट ८ वी यूवर सुमारे ८५ लाख खपला, आणि थोडी भर घालून निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलवर, स्विचवर, गेला तेव्हा ६ कोटींच्या वर. स्विच घरात आणि हातात दोन्हीकडे चालतो हे मोठं कारण आहेच. पण त्याला अनरियल आणि युनिटी इंजिनांचा आधार होता, आणि पहिल्याच वर्षात स्टारड्यू व्हॅली, डूम, स्कायरिम आले. यंत्र तेव्हाही ताकदीने पीएस४ च्या मागेच होतं; पण गेम उतरवणं परवडत होतं.

तर घ्यावा का? स्विच घरात असेल तर गरज नाही, बहुतेक चांगले गेम तिकडे गेलेत. विंड वेकर एचडी, ट्वायलाइट प्रिन्सेस एचडी आणि निन्टेन्डो लँडसाठी मात्र वी यूच लागतो. जुन्या वीच्या डिस्कही चालतात, त्यासाठी वी रिमोट आणि सेन्सर बार वेगळा मागून घ्या.

शीर्षकातले बाहेरच्यांचे दोन गुण आहेत ते मुख्यतः युबिसॉफ्टच्या झॉम्बीयूसाठी. त्यात गेमपॅड म्हणजे तुमची पाठपिशवी. औषध शोधायला मान खाली घालून पिशवी उघडली तरी टीव्हीवर खेळ थांबत नाही, झॉम्बी चालत येतच असतो. हे यंत्र कशासाठी बनवलं होतं ते बाहेरच्या एका कंपनीने इतकं नेमकं ओळखलं, आणि त्यातून नफा झाला नाही असं तिनेच नंतर सांगितलं. पुढे तो गेम दुसऱ्या कन्सोलवर आला, पण तिथे पिशवी त्याच पडद्यावर उघडते.