नारिंगी क्वांटम डॉट फिल्म : गोव्यातल्या पॉलिहाऊसमध्ये वापरल्यावर

आधी निकाल: गोव्यात ही फिल्म, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणारं प्लास्टिक, ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरतीच लावावी, तीही छपराला नाही, आत सरकत्या पडद्यासारखी. बाराही महिने फायदा होतो असं विक्रेते सांगतात. इथे तसं होत नाही.

फिल्ममधले कॉपर-इंडियम-सल्फाइडचे नॅनोकण (हेच क्वांटम डॉट) अतिनील आणि निळा प्रकाश शोषून ६०० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-तांबडा प्रकाश सोडतात. तांबड्या प्रकाशात प्रकाशसंश्लेषण निळ्यापेक्षा जास्त कार्यक्षम चालतं, एवढाच खेळ. पण कण प्रकाश सगळीकडे फेकतात. काही वर परत जातो, काही फिल्मच्या जाडीतच अडकून कडेने निसटतो. म्हणजे खाली एकूण प्रकाश थोडा घटतोच. जून ते सप्टेंबर ढगांमुळे आधीच अंधारून आलेलं असतं, तेव्हा ही घट महाग पडते: लेट्यूस लांबुडकं होतं, काकडीची पेरं ताणतात. पाऊस ओसरल्यावरच्या स्वच्छ उन्हात मात्र लेट्यूस भरदार येतं. एप्रिल-मेमध्ये फिल्म असताना शेडनेट नेहमीइतकं ओढायचं नाही, नाहीतर दुप्पट सावली.

पडदा गटरच्या (छपराच्या पन्हळीच्या) उंचीवर, जस्त चढवलेल्या जीआय तारेवर, क्लिपांनी लावा. दोन पट्ट्यांत वीतभर फट ठेवा, गरम हवा वर जायला हवी. तापलेल्या पाइपला फिल्म टेकते तिथेच ती आधी फाटते, म्हणून पाइपवर पांढरी टेप गुंडाळा. गंधकाची धुरी देत असाल तर पडदा आधी गुंडाळून ठेवा. गंधक प्लास्टिकमधलं अतिनील-संरक्षण मारतं.

मोजमाप लक्स मीटरने करू नका. तो माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेला, हिरव्याला झुकतं माप देतो. पार (PAR) मीटर, म्हणजे पिकाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारा मीटर हवा, आणि तुलनेला शेजारी फिल्म नसलेला एक वाफा. दुसरं, नारिंगी उजेडात पानाचा पिवळेपणा ओळखू येत नाही. लोहाची कमतरता आहे का हे पाहायला पान तोडून बाहेर उन्हात न्यावं लागतं.

कण थकलेत का, हे पाहायची सोपी रीत: खरेदीच्या वेळीच हातभर तुकडा कापून काळ्या पिशवीत बंद ठेवा. रात्री ३६५ नॅनोमीटरची टॉर्च जुन्या फिल्मवर आणि त्या तुकड्यावर आळीपाळीने मारा. तुकडा निखाऱ्यासारखा पेटतो. पडद्यावर फिकट डाग दिसले तर तिथले कण ओल आणि ऑक्सिजनने गेले. सुरुवात बहुधा कापलेल्या कडांपासून होते.

पैसे मोजण्याआधी एक करा. चतुर्थीनंतर छपरावरचं शेवाळ आणि डिचोली-सांगे पट्ट्यातली तांबडी धूळ मऊ ब्रशने धुवा, पार मीटरने आधी-नंतर मोजा. बऱ्याच पॉलिहाऊसमध्ये प्रकाशाची खरी तूट तिथेच निघते. मगच फिल्म, आणि घेताना तिच्यात कॅडमियम हा विषारी धातू नसल्याचं लेखी मागा.