मोजे काढून बघायला हवे होते

आईच्या पायात लोकरीचे मोजे असायचे. मी दर रविवारी दुपारी चारला वृद्ध सेवा केंद्रात तिला भेटायला जायचे तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असे. केस विंचरलेले, मांडीवर धुतलेली चादर, पायात मोजे. "आजींचे पाय गार पडतात ना," असं मॅनेजर म्हणाले होते. मला वाटलं, बघा, किती बारीक लक्ष आहे यांचं. दुसऱ्या महिन्यात मी स्वतःच आणखी दोन जोड नेऊन दिले.

पाचव्या महिन्यात तिला ताप भरला म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं. तिथल्या सिस्टरने पाच मिनिटांत ते मोजे काढले. उजवी टाच काळी पडली होती, वाळक्या चामड्यासारखी. मग तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावर जखम होती आणि ती इतकी खोल, की आत पिवळसर चरबी दिसत होती. सिस्टर माझ्याकडे बघून काही बोलली नाही. तिने मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढले, तारीख-वेळ लिहिली. त्या फोटोंचं महत्त्व मला नंतर कळलं.

आम्ही काही डोळे झाकून तिला तिथे ठेवलं नव्हतं. दादा आणि मी तीन वृद्ध सेवा केंद्रं बघितली होती. प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टर कधी येतात, रात्री सिस्टर असते का, जेवण कोण भरवतं, बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून काय करता. सगळ्यांची उत्तरं उत्तम मिळाली. मिळणारच, कारण ते सगळे प्रश्न तोंडी उत्तर देता येईल असेच होते. "दर दोन तासांनी कूस बदलतो" हे वाक्य म्हणायला काही लागत नाही.

खरं तर तिथेच बसल्या बसल्या गणित मांडता आलं असतं. रात्री दोन मावशी आणि एकवीस माणसं. त्यातली बारा अंथरुणाला खिळलेली. आईसारख्या अर्धांगवायूच्या माणसाला नीट वळवायला दोघी लागतात, डायपर बदलून, उशा लावून एकेकाला दहा मिनिटं धरा. बारा जणांचे एकशे वीस मिनिटं. म्हणजे दोन तास संपले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मधे कुणी पाणी मागितलं, कुणी पडलं, कुणाला उलटी झाली तर सगळं कोलमडलं. आम्ही माणसं मोजली नाहीत. आम्ही फरशी बघितली, बाग बघितली, लिफ्ट स्ट्रेचर मावेल एवढी आहे का तेही बघितलं.

फसवणूक कुठे कुठे होती ते एकेक करून बाहेर आलं.

आधी तक्ता. पलंगाच्या पायथ्याशी एक पाटी लटकवलेली असायची, कूस बदलल्याच्या नोंदींची. उजवी, पाठ, डावी, समोर सही. दर रविवारी मी ती कौतुकाने वाचत असे. आई रुग्णालयात दाखल झाली त्या दिवशी सकाळी दहाला आम्ही निघालो. संध्याकाळी मी तिचा चष्मा आणायला परत गेले तर पाटीवर बारा, दोन, चार, सगळे रकाने भरलेले. रिकाम्या पलंगावर आई तीनदा वळली होती. त्या क्षणी मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग मागची पानं चाळली. महिनाभर एकच अक्षर, एकच पेन, दिवसाची पाळी असो वा रात्रीची. फोटो काढून घेतले.

मग वजनाचं. फाइलमध्ये दर महिन्याची नोंद होती : ५२, ५२, ५१, ५२. रुग्णालयात भरलं ४५. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरलं तर ती धोक्याची घंटा मानतात. आईचं तेरा टक्क्यांहून अधिक उतरलं होतं. नंतर मी मॅनेजरना एवढंच विचारलं की आईचं वजन कशावर करता? आई उभी राहू शकत नाही. त्यासाठी खुर्चीचा काटा लागतो किंवा उचलून धरणारं यंत्र लागतं. तिथे होता तो स्नानगृहातला साधा काटा. मॅनेजर म्हणाले, बघून सांगतो. अजून बघतायत.

एअर बेडचं भाडं वेगळं लावलं होतं. ही गादी पंपावर चालते, तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, म्हणून शरीराच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही. पंप चालू असला की बारीक घुमघुम ऐकू येते. मला ती कधीच ऐकू आली नव्हती, आणि ती यायला हवी हेही मला माहीत नव्हतं. चष्मा आणायला गेले तेव्हा चादरीखाली हात घातला. गादी चपटी, प्लग पलंगाखाली धूळ खात पडलेला. आणि आईसाठी म्हणून आम्ही जादा पैसे भरून ठेवलेली 'स्वतंत्र' मावशी आणखी दोन आजींचीही 'स्वतंत्र' मावशीच निघाली. तिन्ही घरांकडून पैसे पूर्ण घेतले जात होते. तिला त्यातलं काय मिळत होतं ते तिच्या चपलांवरून दिसत होतं.

त्या मावशीवर माझा राग नाही. उलट तिसऱ्या महिन्यात तीच दाराशी हळूच म्हणाली होती, "ताई, कधी सकाळी या ना. आंघोळीच्या वेळेला." मी म्हटलं, सकाळी ऑफिस असतं. तिने आणखी काय सांगायला हवं होतं?

सगळ्यात जास्त लागलं ते गोळीचं. पहिले काही आठवडे आई रात्री हाका मारायची, तिला विसरभोळेपणा सुरू झालेला होताच. मग ती 'रुळली'. दिवसभर शांत, पेंगुळलेली. आम्ही त्यांचे आभार मानले होते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी औषधांची यादी बघून विचारलं, ही क्वेटियापिन कुणी सुरू केली आणि कशासाठी? आम्हाला पत्ता नव्हता. हे मानसिक आजारांवरचं औषध. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्येच त्यांवर ठळक इशारा छापायला लावला आहे. कधी कधी द्यावं लागतंही, डॉक्टर म्हणाले, पण कारण लिहून, घरच्यांना सांगून, थोडे दिवस, आणि पुन्हा तपासून. इथे कागदावर 'गरज पडल्यास' असं होतं आणि गरज रोज संध्याकाळी सहाला पडत होती. गुंगीतला माणूस स्वतः कूस बदलत नाही, भरवलेला घास नीट गिळत नाही, पाणी मागत नाही. जखम, वजन, ताप सगळं या एका गोळीवर ढकलता येणार नाही, पण ती नसती तर आईने निदान आरडाओरडा केला असता.

रुग्णालयातल्या सिस्टरने दाखल करतानाच एक कागद भरला होता. ब्रेडन स्केल म्हणतात, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी. स्पर्श जाणवतो का, त्वचा ओली राहते का, माणूस किती हिंडतो, स्वतःचं अंग स्वतः हलवतो का, खातो किती, अंथरुणात घसरतो का, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. जास्तीत जास्त २३, आणि १८ किंवा त्याखाली आलं की बेडसोरचा धोका. आईला ११ मिळाले. केंद्राच्या जाडजूड फाइलमध्ये हा कागद किंवा याच्यासारखा दुसरा कुठलाच नव्हता. छापील घोषवाक्य मात्र प्रत्येक पानावर.

त्या सिस्टरनेच मला बोटाने दाबून बघायला शिकवलं. हाडावरची त्वचा लाल दिसली तर दाबायची. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. लालीच हटली नाही तर इजा सुरू झालेली असते, कातडी फाटलेली नसली तरी. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, तेव्हा आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते का ते हाताने बघायचं. माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू. पोटरीखाली उशी अशी द्यायची की टाच अधांतरी राहिली पाहिजे. आणि तासन् तास खुर्चीत बसवून ठेवणं हेही पाठीवर झोपवून ठेवण्याइतकंच वाईट. माझ्या रविवारच्या चारच्या भेटीसाठी आई किती वाजल्यापासून खुर्चीत असायची, हे मी आता कुणाला विचारू?

तक्रारीचं थोडक्यात सांगते. केंद्राचं पहिलं उत्तर होतं की जखम रुग्णालयात झाली असणार. दाखल झाल्याच्या पहिल्या तासातले फोटो पुढे ठेवल्यावर उत्तर बदललं, "वय झालंय, कातडी नाजूक असते." डिपॉझिटमधून नोटिशीच्या महिन्याचे पैसे कापले. उरलेले यायला अर्धं वर्ष गेलं.

आई आता दुसरीकडे आहे. तिथली बाग यथातथाच आहे. पहिल्या भेटीत मी तिथल्या सिस्टरना म्हटलं, रात्री नऊला आले तर चालेल का? त्या म्हणाल्या, या, फक्त बेल वाजवू नका, झोपलेले असतात. जेवणाच्या वेळेला जाऊन बसले. ताट पुढे ठेवून निघून जातात की समोर बसून भरवतात, भरवल्यावर लगेच आडवं करतात की अर्धा तास बसवून ठेवतात, पाण्याचा पेला आणि बेल चांगल्या हाताच्या बाजूला आहे की नाही, एवढंच बघत होते. एका आजोबांनी बेल दाबली तेव्हा घड्याळ बघितलं. चार मिनिटं. फार भारी नाही. पण खोटं सांगितलं नाही कुणी.

राहिली एक गोष्ट, जी सांगायची लाज वाटते. तिसऱ्या महिन्यात पहिल्या केंद्राने मला दोन शब्द बोलायला सांगितले होते आणि मी बोलले होते, फोनच्या कॅमेऱ्यासमोर, अगदी मनापासून. नव्या येणाऱ्यांना ते अजून तो व्हिडिओ दाखवतात. तो बघून एका बाईंनी आपल्या वडिलांना तिथे ठेवलं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं, कारण ठेवण्याआधी त्यांनी मला फोन करून खात्री करून घेतली होती. आईला रुग्णालयात हलवल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "पण कालच भेटून आलो हो, बाबा छान दिसत होते." मी विचारलं, पायात काय होतं? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, निघते मी आत्ता.

व्हिडिओ काढून टाका म्हणून दोनदा लेखी कळवलंय, अजून काढलेला नाही. तुम्हाला कुणी दाखवला तर ओळखू येईल. निळ्या कुडत्यातली बाई हात हलवून बोलतेय ती मी. मागे खुर्चीत आई दिसते. पायात मी आणलेले मोजे आहेत.