कुंडीतला टोमॅटो: कोणत्या पिशवीला पैसे द्यावेत, कोणत्या नाही

नर्सरीत किंवा ऑनलाइन 'रेडी टू यूज पॉटिंग मिक्स' म्हणून मिळणारी पाच किलोची पिशवी टोमॅटोसाठी महागात पडते. पहिलं कारण म्हणजे ती किलोवर विकली जाते. कुंडी भरते ती लिटरने, आणि या पिशवीत मुख्यतः ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं, म्हणजे वजनातला बराच भाग पाण्याचा. पाच किलोत साधारण दहा लिटर माल निघतो. टोमॅटोच्या एका झाडाला निदान वीस लिटरची बादली किंवा १२ बाय १२ इंचांची ग्रो बॅग लागते, म्हणजे एका झाडाला दोन पिशव्या. दुसरं कारण, त्यातलं अन्न रोपाला तीन-चार आठवडेच पुरतं. नेमकी फुलं यायच्या वेळी झाड उपाशी राहतं आणि खालची पानं पिवळी पडू लागतात. मिरचीची रोपं तयार करायला हे मिश्रण उत्तम, टोमॅटोची बादली भरायला नाही.

त्यापेक्षा घटक सुटे घ्यावेत. वीस लिटरच्या बादलीसाठी आठ लिटर भिजवलेलं कोकोपीट, सहा लिटर लाल माती किंवा पोयटा, पाच लिटर गांडूळखत आणि एक लिटर भाताचं तूस घ्या. त्यात १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि २० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट हे फॉस्फरसचं खत मिसळा. बादलीच्या तळाला पाच-सहा भोकं पाडा. शेतातली काळी माती फुकट मिळाली तरी बादलीत घालू नका. ती सुकली की आकसून बादलीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, भरपूर पाणी घातलं. मुळं मात्र कोरडीच.

कोकोपीटची पाच किलोची लादी घ्यावी, छोट्या विटा लिटरमागे महाग पडतात. वीस-पंचवीस लिटर पाण्यात ती फुलून साठ-सत्तर लिटर होते. 'लो ईसी' (कमी क्षार) किंवा 'वॉश्ड' (धुतलेलं) असं छापलेलं असलं तरी तपासून घ्या. भिजलेलं कोकोपीट मुठीत पिळून निघालेल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवा, पिण्याचं पाणी तपासायचा असतो तोच. आकडा नळाच्या पाण्यापेक्षा फारच जास्त आला तर क्षार आहेत. आकडा नळाच्या जवळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. शेवटच्या पाण्यात लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवा. कोरं कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतं. ही पायरी गाळली की त्याचा परिणाम पुढे फळावर दिसतो.

गांडूळखताची पिशवी उघडून हुंगा. पावसानंतरच्या मातीसारखा वास हवा. अमोनियाचा उग्र वास आला किंवा हाताला ऊब लागली तर ते कच्चं आहे. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात १५ ते २५ टक्के ओलावा चालतो. मुठीत दाबून पाणी गळत असेल तर तुम्ही पाणी विकत घेताय. सुटं शेणखत स्वस्त पडतं, पण कच्चं असलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही घरी येतात.

बोनमीलला, म्हणजे हाडांच्या चुऱ्याला, मी पैसे देणार नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कलीधर्मी असतं. मातीचा सामू (पीएच) सातच्या वर गेला की हाडांतलं फॉस्फरस झाडाला फारसं मिळतच नाही. अंड्याच्या टरफलांचा चुराही एका हंगामात जेमतेम विरघळतो. घरात पडलाच असेल तर घाला, त्याच्या भरवशावर राहू नका.

खरी किंमत वसूल होते ती विद्राव्य खतांच्या छोट्या पाकिटांत. रोप लावल्यावर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम यांचे आकडे याच क्रमाने) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, बादलीला एक लिटर. पहिला फुलोरा दिसला की एका आठवड्यात १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) दीड ग्रॅम आणि कॅल्शियम नायट्रेट एक ग्रॅम एकत्र, दुसऱ्या आठवड्यात १९:१९:१९. कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ एका पाण्यात कधीही कालवू नका. फॉस्फेटशी कॅल्शियम जुळून पांढरा गाळ तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात. खत नेहमी ओल्या मातीत द्यावं. युरियाच्या नादी लागू नये: झाड कमरेएवढं हिरवंगार होतं आणि फुलं मोजायला एक हात पुरतो.

फळाच्या बुडाशी काळपट, चामड्यासारखा चट्टा आला की लोक कॅल्शियमचा डोस वाढवतात. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं की फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही. मातीवर दोन इंच वाळलेला पाला पसरा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये फुलं गळत असतील तर मात्र खत बदलून उपयोग नाही. दिवसाचं तापमान पस्तिशीपुढे गेलं की फळधारणा फारशी होत नाही. रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेली बरी.

हंगाम संपल्यावर तेच मिश्रण फेकू नका, पण त्यात पुन्हा टोमॅटो, वांगं किंवा मिरची नको. जुनी मुळं काढा, पसरून कडक उन्हात आठवडाभर तापवा, चौथा हिस्सा नवं गांडूळखत मिसळा आणि मेथी किंवा पालक पेरा.