कॅनन १०० एमएम मॅक्रो एल: भर उन्हातल्या फुलपाखरांसाठी कशी आहे

कॅननची ईएफ १०० एमएम एफ २.८ एल मॅक्रो आयएस ही जवळून फोटो घ्यायची लेन्स २००९ सालची, आता आरएफ माउंटवाली, म्हणजे कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची, नवीन पण आलीये, तरी मी अजून हीच वापरतो, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) बॉडीवर. पाऊस उघडला की नाशिकजवळची अंजनेरी, पांडवलेण्यांचा पायथा, गंगापूर धरणाकडचं माळरान, जिथे जिथे घाणेरी, सोनकी, एकदांडी फुललेली असते तिथे हिलाच घेऊन फिरतो. पोर्ट्रेट वगैरे कसे येतात ते इथे नाही सांगणार, फक्त फुलपाखरं.

सगळे ही लेन्स १:१ साठी घेतात, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी उमटते त्यासाठी. पण मोठ्या फुलपाखराला १:१ लागतच नाही हो. प्लेन टायगर पंख पसरून बसलं की ७-८ सेंटिमीटर भरतं, क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे पाव पटीच्या थोडं वर गेलं की फ्रेम भरली, आणि तेवढ्यासाठी अर्ध्या मीटरच्या जरा पुढे थांबलं तरी पुरतं. म्हणून माझ्या मते या लेन्सवरची सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बाजूचा तो फोकस लिमिटरचा, म्हणजे फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारा स्विच. ‘फुल’ (म्हणजे पूर्ण अंतर), ०.५ मीटर ते इन्फिनिटी आणि ०.३ ते ०.५ मीटर अशा तीन पोझिशन आहेत. टायगर, पॅन्सी, जेझेबेल असली मोठी मंडळी असतील तर ०.५ च्या पुढचं ठेवा, ग्रास ब्लू आणि ग्रास ज्युएलसारखी नखाएवढी असतील तर ०.३ ते ०.५. स्विच ‘फुल’ पोझिशनवर ठेवला की कुठलीही मॅक्रो लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फोकस शोधत बसते आणि तोवर पाखरू उडून जातं. अजून एक, हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, त्यामुळे ०.३ मीटरवर पुढच्या काचेसमोर वीतभरसुद्धा जागा उरत नाही.

आता उन्हाचं. घाणेरीचा गुच्छ एकदा जवळून बघा, मधली ताजी फुलं पिवळी असतात आणि कडेची जुनी होत गुलाबी-केशरी झालेली. मध पिवळ्यांत असतो, त्यामुळे फुलपाखरू सोंड पिवळ्या फुलात घालतं, काढतं, शेजारच्या पिवळ्यात घालतं, असं करत गुच्छावर गोल फिरतं. मग त्याच्या मागे कशाला पळायचं, पिवळ्या फुलांवर आधीच फोकस लावून थांबायचं, ते फिरत फिरत आपल्यासमोर येतंच, आणि सोंड, डोळा, मिशा सगळं एका रेषेत आलं की दाबायचं.

सेटिंग म्हणाल तर कडक उन्हात एफ ८, १/१६००, आयएसओ ४०० इथून सुरुवात करा. प्लेन टायगरच्या पंखाच्या काळ्या टोकात जे पांढरे ठिपके असतात ना, ते आधी जळतात, म्हणजे नुसते पांढरेफटक होतात, तिथे एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), काळं नंतर रॉ फाइलमध्ये उचलता येतं पण जळलेलं पांढरं परत येत नाही. सोनकीच्या पिवळ्याला तर नुसता साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघून भागत नाही, तो छान दिसतो आणि लाल चॅनेल मात्र कधीच फुटलेला असतो, म्हणून लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावून ठेवा. ग्रास ब्लूला अगदी जवळ गेलात तर एफ ११ च्या पुढे जाऊ नका, छिद्र फार लहान झालं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे प्रकाश फाकल्याने, पंखावरची बारीक खवल्यांची नक्षी मऊ पडते.

आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, आहे, साध्या अंतराला ४ स्टॉपचं म्हणतात, १:१ ला २. वाऱ्याने फूल डुलतं त्याला आयएस काही करू शकत नाही, तिथे शटर स्पीडच लागतो, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं आणि गुडघ्यावर बसून हातात धरून फ्रेम लावता येते, याचं मला फार मोल वाटतं, कारण अंजनेरीच्या पठारावर लोक फोटोसाठी सोनकीत आडवे झोपतात आणि उठले की तेवढा पट्टा भुईसपाट झालेला असतो. त्या डोंगराच्याच नावाची सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती तिथे उगवते, बाबांनो कृपा करून पाय जपून ठेवा.

लेन्सच्या तोंडावर लावायचं, आडवं ऊन अडवणारं हूड लेन्सबरोबरच येतं. बाजूच्या उन्हात लावाच, पण छोट्या फुलपाखराला जवळ जाताना काढा, नाहीतर त्याची सावली थेट फुलावर पडते आणि सावली हलली की पाखरू गेलं. सकाळी आठ-साडेनऊला जा, तेव्हा ब्लू पॅन्सी पंख उघडून ऊन खात बसलेली असते. कॉमन ग्रास येलो मात्र पंख मिटूनच बसतं, त्याला बाजूने, सेन्सर पंखाला समांतर धरून घ्यायचं. अकरानंतर सगळी इतकी चपळ होतात की नवख्याने घाणेरीपाशीच थांबलेलं बरं.

कॅननच्याच १००-४०० एमएम झूम लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीशी तुलना बरेच जण करतात. ती ९८ सेंटिमीटरवरून ०.३१ पट देते, त्यामुळे नाल्यापलीकडच्या झुडपावर बसलेल्या टायगरला तीच बरी. पण ग्रास ब्लू तिच्यात ठिपक्याएवढंच राहतं, आणि वजन दीड किलोच्या वर. ही ६२५ ग्रॅमची, अंजनेरीच्या पायऱ्या चढताना गळ्यात असली तरी जाणवत नाही. ट्रायपॉडची रिंग वेगळी विकत मिळते, फुलपाखरांसाठी ती घेऊ नका, त्या पैशात जास्तीची बॅटरी आणि ६७ एमएमचा एक चांगला फिल्टर घ्या.