रम: शेरीचं पिंप की धुराचं?

बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) रिकाम्या पिंपात वर्षं काढलेली रम शेवटचे काही महिने कुठे मुरलेली बरी, पेड्रो हिमेनेझ शेरीच्या पिंपात की पीटचा (दलदलीतल्या, मातीसारख्या इंधनाचा) धूर दिलेल्या व्हिस्कीच्या?

पहिल्या घोटाला शेरीवाली जिंकते. ही शेरी म्हणजे उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट स्पॅनिश वाइन. लाकडात जिरलेली वाइन रममध्ये उतरते आणि मनुका, अंजीर, कॉफीचा वास येतो. पण गोडवा पिंपाचा की नंतर घातलेल्या साखरेचा, हे जिभेला ओळखता येत नाही. युरोपीय संघात रममध्ये लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत गोडी चालते. तेवढ्याने ४० टक्के अल्कोहोलच्या रममध्ये हायड्रोमीटर (घनतेवरून अल्कोहोल मोजायचं उपकरण) ३५ च्या आसपास दाखवतो, आणि हा फरकच गोडी उघड करतो. साधा उपाय म्हणजे दोन थेंब तळहातावर चोळायचे. अल्कोहोल उडाल्यावर हात चिकट राहिला तर साखर आहे. ती कुठून आली, ते मात्र तळहातही सांगत नाही. मला खटकलं ते हेच: पैसे पिंपाचे मोजायचे आणि चव पाकाची. (शेरीच हवी असेल तर ओलोरोसो या प्रकाराचं पिंप बघा, ती शेरी मुळातच गोड नसते.)

धुराला असा आडोसा नाही. खाली रम हलकी असेल तर लगेच उघडी पडते. कॉलम स्टिलची (उंच स्तंभात सलग गाळलेली) पातळ रम घेतली तर तोंडात नुसती राख उरते. पॉट स्टिलची (हंड्यात घाण्या-घाण्याने गाळलेली), एस्टरने म्हणजे फळांसारख्या वासाच्या संयुगांनी भरलेली, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याच्या वासाची रम धुराशी झुंजते. मजा तिथे आहे. बार्बाडोसच्या माउंट गे या कंपनीने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीच्या पिंपातली रम काढली, ती ५७ टक्क्यांची. एवढ्या तेज रममध्ये पाणी घालावंसं वाटतं, पण पाण्याने धूरच आणखी वर येतो. म्हणून पाव चमच्याहून जास्त एका वेळी नको.

पहिल्यांदाच वेगळ्या पिंपाची रम घेणाऱ्याला कदाचित शेरीच आवडेल, आणि त्यात चूक काही नाही. बाटली महिनाभर पुरवायची असेल तर मी धुराकडे झुकेन. शेरीवालीचा तिसरा पेला सहसा अर्धाच राहतो.

दोन्ही एकत्र चाखायच्या तर निमुळत्या तोंडाचे दोन वेगळे ग्लास, प्रत्येकी २० मिलिलिटर, ओतल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. धुराची शेवटी. आधी घेतली तर शेरीतला अंजीरही जळका लागतो.