एएमटी का टॉर्क कन्व्हर्टर? घाटात गाडी घालणाऱ्यांसाठी

क्लच न दाबता चालणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सचे हे दोन प्रकार, पण शोरूममधली पोरं दोन्हीला नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हणून मोकळी होतात. मी आधी एएमटी (म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम मशीन करतं) वापरली, आता टॉर्क कन्व्हर्टर आहे, तर माझं मत सांगतो, बाकी तुमचं रनिंग तुम्हाला माहीत.

एएमटीला नावं ठेवणार नाही. मॅन्युअलपेक्षा साधारण ५०-६० हजार जास्त, मायलेज मॅन्युअलच्याच जवळपास, सातारा-पुणे हायवेला एका लयीत चालवली तर काही तक्रार नाही. गिअर बदलताना मान हलते, त्याची सवय होते.

डोकं फिरलं ते साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात. सप्टेंबरात कासला फुलं आली की शनिवार-रविवारी गाड्या मुंगीच्या चालीनं वर सरकतात, आणि ब्रेकवरचा पाय ॲक्सिलेटरवर नेईपर्यंत आमची गाडी हातभर मागं यायची, मागं बुलेटवाला अगदी चिकटून हॉर्न वाजवतोय. एएमटीत क्लच प्लेट मॅन्युअलचीच, फक्त तुमच्या पायाऐवजी ॲक्च्युएटर दाबतो, त्यामुळं चढावर रेंगाळलं की प्लेट घासते, तापते आणि बायको विचारते कसला वास येतोय. आता बऱ्याच एएमटींना हिल होल्ड असतं, म्हणजे चढावर ब्रेक सोडला तरी गाडी जागेवर धरतं, पण ते दोनेक सेकंदच, प्लेट घासायची ती घासतेच.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये निघताना घासायला ती प्लेटच नाही, मधी तेल आहे. इंजिनला जोडलेला पंप ते तेल टर्बाइनवर मारतो, टर्बाइन गिअरबॉक्स फिरवतं, आणि परतणाऱ्या तेलाची दिशा मधला स्टेटर वळवतो, म्हणून जागेवरनं निघताना टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, दुपटीच्या आसपास वाढून मिळतो. चढावर नेमका तोच पाहिजे असतो. ब्रेक सोडला की गाडी आपली हळूहळू पुढं. अगदीच खडा चढ असला तर मागं जाईलही, नाही म्हणत नाही.

आता तेलातनं ताकद पाठवायची म्हणजे थोडी वाया जाणारच. स्पीड घेतल्यावर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, तेव्हा बरं पडतं, पण गावात पेट्रोल पिते, आणि किंमतही चांगलीच जास्त. वर गिअरबॉक्सचं तेल वेळच्या वेळी बदला, 'लाइफटाइम आहे' म्हणाले तरी.

रोजचं पोवई नाका ते एमआयडीसी एवढंच असेल तर एएमटी पुरे, उगं पैसे घालवू नका. पण महिन्यातनं एकदोनदा जरी कास नाहीतर पसरणी घाट होत असेल तर मी तरी थोडं थांबून, पैसे जमवून टॉर्क कन्व्हर्टरच घेईन. टेस्ट ड्राइव्हला ते हायवेलाच नेतील, तुम्ही यवतेश्वरकडं वळवायला लावा, घरची चार माणसं बसवा, आणि निम्म्या चढावर थांबवून परत काढून बघा.